पिस्तुलांना सुट्टी नसते

कुलूप लावलं की दादा ते दोनदा ओढून बघायचे. चार पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे. "बघितलेलं बरं," म्हणायचे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल असा एखादा गृहस्थ. लिफ्ट अडवून ठेवतो आणि त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

परदेशातल्या या मरीन परेड वस्तीत दादा माझे शेजारी, आमचे ब्लॉक समोरासमोर. दादा मूळचे साताऱ्याचे, इथे एका सरकारी ऑफिसची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळायचे. शहरातल्या पहारेकऱ्यांच्या पिस्तुलांचे परवाने त्या सिस्टिमवर. रोज सकाळी तिथून होकार आला तरच शस्त्रांच्या कपाटातून पिस्तूल बाहेर निघायचं. आणि या गृहस्थांनी जन्मात पिस्तूल हातात धरलेलं नाही! दिवाळीतली फुलबाजीसुद्धा लांबून. वहिनी त्यांना खुशाल भित्री भागूबाई म्हणायच्या. वहिनी नर्स होत्या, त्या कशालाच घाबरत नसत.

मग सार्सची साथ आली. शाळा बंद, एमआरटीच्या मेट्रोगाड्या रिकाम्या, जो तो तोंडाला मास्क लावून गप्प. दादांच्या ऑफिसचं काउंटर बंद झालं, बहुतेकांना घरी बसवलं. "पण पिस्तुलांना सुट्टी नसते रे," दादा म्हणाले. ती सिस्टिम कळणारे दोघेच, त्यातला दुसरा क्वारंटाइनमध्ये. दादाही अडकले असते तर पहारेकऱ्यांना मोकळ्या हातांनीच उभं राहावं लागलं असतं. आणि वहिनींची ड्यूटी नेमकी सार्सच्या वॉर्डात! साहेबांनी सांगितलं, हे संपेपर्यंत बायकोपासून लांब राहा. दादा उशी आणि चहाचा कप घेऊन माझ्याकडे राहायला आले.

संध्याकाळी आम्ही ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जायचो. वहिनीही यायच्या, पण नारळांच्या रांगेपलीकडून, आमच्या बरोबरीने चालत. दोघं फोनवर बोलायची.

"अहो, जेवताय ना नीट?"

"जेवतो गं. हा वरण बरं करतो."

एवढंच, आणि मग दोघंही गप्प, फोन मात्र कानाला. समुद्रात जहाजं एका जागी उभी असायची. वारा पडलेला, वाटेवर चिटपाखरू नाही. ते दिवस आठवले की अजून वाटतं, हे सगळं मी झोपेतच पाहिलं असणार.

एके संध्याकाळी वहिनी आल्या नाहीत. त्यांना ताप आला होता आणि त्यांच्याच हॉस्पिटलात त्यांना दाखल केलं होतं. सकाळी दादांनी फोन लावला, पुन्हा लावला. उचलला नाही.

मी म्हटलं, "दादा, आज नका जाऊ ऑफिसला. खड्ड्यात गेली ती पिस्तुलं!"

दादा बूट घालून निघाले. सगळे परवाने सुरू करून दिले आणि दुपारी चालत हॉस्पिटलच्या गेटवर गेले.

गेटवरच्या पहारेकऱ्याने अडवलं. कमरेला पिस्तूल, वयाने दादांच्या निम्मा. "अंकल, कॅनॉट लाह. गो होम," इथल्या इंग्रजीत म्हणाला. दादांनी हात जोडले, बायको आत आहे म्हणाले. त्याचा चेहरा पडला, पण तो वाटेतून हलला नाही.

घरी येऊन दादा सोफ्यावर बसले. "नाही सोडलं मला," म्हणाले. "बरोबर केलं त्याने. त्याचा परवाना सकाळी मीच सुरू केला." आणि हसता हसता रडायला लागले. मलाही रडू आवरेना. जरा वेळाने डोळे पुसून म्हणाले, "हिला सांगू नकोस हं. गेटवरून परत आलो, यात काय सांगायचं?"

वहिनींचा ताप साधाच निघाला, देवाची कृपा. सगळं उघडल्यावर दादा उशी घेऊन आपल्या घरी गेले. पुढे दोघं पुण्याला परतली. अधूनमधून फोन व्हायचा. गेटचा विषय दादांनी कधी काढला नाही, मीही नाही.

मग दादा गेले. हृदयविकार, अचानक. भेटायला गेलो तेव्हा मला राहवलं नाही, वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे मला, भावजी," त्या म्हणाल्या. "मी हॉस्पिटलच्या वरच्या खिडकीतच होते. किती हात हलवले! हे मान खाली घालून चालत गेले."

"मग त्यांना कधी सांगितलं का नाहीत?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"यांच्या तोंडून ऐकायचं होतं हो. आज सांगतील, उद्या सांगतील म्हणून थांबले होते."