मी सांगितलेलं, येऊ नका

"कागद जरा वर धरा, आजी. चेहरा झाकू नका. हां, आता हसा."

शांतामावशी हसली नाही. घर खाली करायचं समन्स हातात धरून कोण हसेल? फोटोवाल्याने आमच्या फर्मच्या मॅडमकडे बघितलं.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "हे लोक रडवेलेच बरे दिसतात."

मी शेजारच्या टेबलावर नावं लिहून घेत होते. काळा कोट घालून. ऐकलं. मान खाली घातली.

विठ्ठलवाडीला, माझ्याच वस्तीतल्या समाजमंदिरात आमच्या लॉ फर्मचं मोफत सल्ल्याचं शिबिर होतं. ऑफिस घोडबंदर रोडला. ऑफिसात मी वर्तकनगरची होते. भाड्याने राहायचे तिथे, तेवढंच सांगायचे. वस्तीचं नाव कधी काढलं नव्हतं.

मावशी टेबलापाशी आली. आई कंपनीत जायची तेव्हा हिनेच मला जेवू घातलेलं.

"जय भीम, पोरी."

"नमस्कार," मी म्हटलं.

मॅडमनी विचारलं, "ओळखतेस का यांना?"

"नाही, मॅडम."

मावशीने ऐकलं. समन्स माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मी ते लिहून घेतलं. वर म्हणाले, "तारखेला तुम्ही येऊ नका. आमचा वकील उभा राहील."

दोनदा मॅडमना आठवण करून दिली. "बघू," म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं नाही. ही तुझी कोण, असं विचारतील म्हणून. तारखेच्या दिवशी मी एसीत बसून एका बिल्डरचा करार तपासत होते. कल्याण कोर्टात मावशीच्या नावाचा पुकारा झाला. कुणीच नव्हतं. एकतर्फी हुकूम झाला.

तिचा फोटो मात्र रिसेप्शनला लागला. मोठा, फ्रेम करून.

आईचा फोन आला. "शांताचं घर जातंय. तुझ्या लोकांनी कागद घेतला होता ना?"

तुझ्या लोकांनी.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"तो फोटो काढा. आपण केस लढलोच नाही. आणि मी खोटं बोलले. ती माझी मावशी आहे. मी त्याच वस्तीतली आहे."

 मॅडमचा चेहरा खुलला. "अगं, आधी नाही का सांगायचं! पुढच्या शिबिरात तुलाच बोलायला उभं करू. छान दिसेल."

"मी दिसायला येणार नाही," म्हटलं. मावशीचे कागद घेतले, फोटो स्वतःच्या हाताने उतरवला आणि बाहेर पडले.

मावशी भांडी पोत्यात भरत होती.

"मी ओळख दाखवली नाही, मावशी."

"दिसलं मला."

बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले.

हुकूम रद्द करायचा अर्ज कल्याणच्या एका वकिलाने केलाय. मला त्या केसमध्ये वकील म्हणून उभं राहता येत नाही. मी साक्षीदार आहे. माझं प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं, 'गैरसमजामुळे कोणी हजर राहू शकलं नाही.' खोडलं. मग लिहिलं, मी तिला येऊ नका म्हणून सांगितलं. तारीख मला माहीत होती. मी गेले नाही, कारण मला माझ्या माणसांची लाज वाटत होती.

"वकिलीची सनद धोक्यात घालतेस," वकील म्हणाला. "शेवटचं वाक्य तरी काढ."

काढलं नाही. सही केली.