रिकाम्या खुर्चीचा कूलर

खानदेशातल्या मे महिन्याला न घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका धुळ्याच्या आमच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या केबिनमध्ये बसायचा. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मूळचे पारोळ्याचे. शिकवायचे भौतिकशास्त्र, पण सारं कॉलेज त्यांना ओळखायचं ते दिवे-पंखे बंद करणारा माणूस म्हणून. ऊर्जा बचत समितीचे अध्यक्ष तेच आणि एकमेव सदस्यही तेच. आपण पाणी प्यायला उठावं आणि परत येऊन पाहावं, तर कूलर गपगार. तक्रार केली की नाना गोड हसून विचारत, "खुर्चीले घाम येस का भाऊ?" एकदा प्राचार्य खुर्ची खिडकीकडे फिरवून डुलकी काढत होते. दारातून नानांना दिसली ती फक्त खुर्चीची पाठ. साहेब घामाघूम होऊन जागे झाले, तोवर नाना वरच्या मजल्यावर पोचलेही होते.

या छळाला कारण होतं. आमचा ट्रान्सफॉर्मर म्हातारा. दुपारी सगळे कूलर एकदम लागले की तो मान टाकायचा. ऑफिसला जनरेटर होता, ग्रंथालयाच्या अभ्यासिकेला नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतली पोरं परीक्षेच्या दिवसांत तिथंच वाचत बसायची, कारण वसतिगृहाच्या खोल्यांची भट्टी झालेली असायची. त्यांचे पंखे थांबू नयेत म्हणून नाना साऱ्या स्टाफच्या शिव्या खात हिंडत.

गेल्या वर्षी, भर उन्हाळ्यात, नाना निवृत्त झाले. निरोप समारंभाला आम्ही मुद्दाम सभागृहातला एकूण एक पंखा बंद ठेवला, म्हटलं नाना खूश होतील. सगळे घाम पुसत टाळ्या वाजवत होते. नाना बोलायला उठले ते माइककडे गेलेच नाहीत. सरळ भिंतीकडे गेले आणि सगळी बटणं लावली.

"इतला मानसं बठेल शेतस," ते म्हणाले, "मंग पंखा कसाले शेतस?"

इतकी माणसं बसलेली असताना पंखे मग कशाला आहेत, या प्रश्नावर हॉल हसला. मी मात्र घाम पुसायचा रुमाल खिशात ठेवून दिला. इतकी वर्षं आम्हाला त्यांचं फक्त बंद करणंच दिसलं होतं.

यंदा अभ्यासिकेचे पंखे एकदाही थांबले नाहीत. आता आम्हीच उठताना बटण बंद करतो. परवा मात्र मी मुद्दाम कूलर चालू ठेवून पाणी प्यायला गेलो. परत आलो, तर तो घरघरत चालूच होता. फार वाईट वाटलं. मग मीच तो बंद केला आणि अभ्यासिकेकडे एक चक्कर मारून आलो.