पडद्याशेजारचा आवाज

जहरा गावाहून माल आणणारा ड्रायव्हर पोती उतरवता उतरवता सहज बोलून गेला, "तुमचा तो सिनेमावाला वारला ना. वफ्र्याच्या शेतावर. दुपारी पंपाशेजारी पडला तो पडलाच. दफनही झालं." दाऊदभाईंना मातीत जाऊन महिना होत आला होता आणि आम्ही, त्यांच्याच कँपातली माणसं, तो महिनाभर रोज जेवलो होतो, पत्ते खेळलो होतो...

दाऊदभाई रत्नागिरीच्या खाडीकाठचे. आम्ही इथे आखातात तेलाच्या कामावरच्या एका ठेकेदाराचे कामगार. कँपाच्या अंगणात दर शुक्रवारी सिनेमा दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं. मुंबईची रिळं वेळेवर येत नसत, म्हणून ते धक्क्याला लागलेल्या टँकरवरच्या खलाशांशी रिळांची अदलाबदल करत. एका जहाजावरचा स्वयंपाकी कोरियाचा होता. त्याच्याकडून आमच्याकडे कोरियन सिनेमे येऊ लागले. भाषा कुणाला कळणार? तो स्वयंपाकी धक्क्यावर चहा पिता पिता मोडक्या इंग्रजीत गोष्ट सांगायचा, दाऊदभाई ती डोक्यात साठवायचे आणि संध्याकाळी पडद्याशेजारी उभं राहून आम्हाला आमच्या बोलीत ऐकवायचे. खुनाच्या सिनेमात तर ते रंगून जात. अंधारी गल्ली, हॅटवाला माणूस, जिन्यावर रक्त. "हा बघा आपला अब्बासखालू! घरी सांगून आलाय बाजारात जातो म्हणून, आणि खिशात सुरी!" अब्बासखालू आमचा आचारी. मागून तो ओरडायचा, "सुरी असती तर तुम्हाला मटण नीट कापून घातलं नसतं काय?" अंगणभर हशा.

मला हे पसंत नव्हतं. माझे वडील गिरणीच्या दारात पत्रकं वाटत, मी ती वाचत वाढलो. ज्या देशाचे युद्धाने दोन तुकडे केले, तिथले लोक खुनाच्या गोष्टी कसल्या काढतात, असं मी दाऊदभाईंना ऐकवायचो. ते हसायचे. "तुझ्या पत्रकात एक तरी माणूस जिना उतरतो काय रे पोरा? सगळे आपले घोषणा देत उभे!"

मग एकदा त्या स्वयंपाक्याने वेगळंच रीळ दिलं. त्यात नट नव्हते. सेऊलचा रस्ता, गणवेशातले विद्यार्थी, समोर बंदुका. मतांची चोरी झाली म्हणून पोरं रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे सगळं खरं, असं त्याने सांगितलं होतं. त्या शुक्रवारी हिंदी सिनेमा आलाच नाही. दाऊदभाई दुपारी खोलीत हे रीळ लावून बघत असताना सुपरवायझर आत आला. त्या दिवसांत पिण्याच्या पाण्यावरून कँप धुमसत होता. कार्यक्रम रद्द केला तर आरडाओरडा होणार, आणि हे दाखवलं तरी पंचाईत. तो म्हणाला, "दाखव, पण शाळेची मिरवणूक आहे म्हणून सांग. बंदुका दिसल्या तर म्हण सलामी आहे. तुझा इकामा माझ्या सहीवर चालतो, विसरू नकोस." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की नोकरी गेली, आणि गावी दाऊदभाईंच्या मुलीचं लग्न ठरलेलं.

काय करणार, असं मी विचारलं. फिल्म चाकावर चढवता चढवता ते म्हणाले, "खुनाच्या सिनेमात मी हवं ते घुसवतो. तिथं कुणी मेलेलं नसतं. इथं मेलेत, पोरा."

संध्याकाळी ते पडद्याशेजारी उभे राहिले. आवाजात रंग नव्हता. "ही शाळेची पोरं. मत चोरलं म्हणून विचारायला आलीत. हा पोलीस. हा पोरगा पडला, तो उठला नाही." शेवटी अब्बासखालूने विचारलं, "मग पुढं काय झालं?" "सरकार पडलं." "आणि पोरं?" दाऊदभाई प्रोजेक्टर बंद करत म्हणाले, "पोरं गेली, खालू."

इकाम्यावर सही झाली नाही. वफ्र्याच्या एका शेतमालकाने त्यांचा इकामा आपल्या नावावर करून घेतला म्हणून ते देशाबाहेर काढले गेले नाहीत, एवढंच. पन्नाशीचा माणूस त्या उन्हात पंप चालवू लागला. आम्ही काय केलं? मी तीन पानी निवेदन लिहिलं, त्यावर सह्या जमल्या नाहीत. आता ठेकेदाराचं ऑफिस म्हणतं, हा माणूस आमचा नव्हताच. पाणी अजून खारट येतं. सेऊलमध्ये पोरांनी सरकार पाडलं, तिथे वर्षभरात लष्कर येऊन बसलं. हे वाचल्यापासून मला पत्रकं लिहवत नाहीत. कोण मेलं आणि कशासाठी, हे मोठ्याने सांगणारा एक माणूस आमच्यात होता, त्याला आम्ही उन्हात जाऊ दिलं.

गेल्या शुक्रवारी वफ्र्याला जाऊन आलो. पत्र्याची खोली, बाहेर मातीची भिंत. त्या भिंतीवर दाऊदभाईंनी चुन्याने मोठा पांढरा चौकोन सारवलेला होता. प्रोजेक्टर नाही, वीजसुद्धा नाही. शेजारचा इराणी मजूर तुटक्या अरबीत म्हणाला, काम सुटलं की म्हातारा त्या चौकोनाशेजारी उभा राहून आम्हाला काहीतरी सांगायचा. काय सांगायचा? त्याने खांदे उडवले. "आम्हाला त्याची भाषा कुठे येते? पण रोज बसायचो."

खुनाची गोष्ट सांगत होते की त्या पोरांची, आता कुणाला विचारू? चौकोनाचा अर्धा भाग दिसत नव्हता. भिंतीला टेकवून खताची पोती रचून ठेवली होती.