दिग्गीच्या गुरुजींची फ्लॉपी आणि माझी एक ओळ

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुलैमधल्या एका सकाळी बेळगावच्या माझ्या खोलीत देवापुढं दिवा लावला आणि एक फ्लॉपी रुमालात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली... ओल शोषली जावी म्हणून.

फ्लॉपी होती दिग्गीच्या गुरुजींची. दिग्गी म्हणजे आमच्या जोयडा तालुक्यातलं ऐन जंगलातलं गाव. पावसात नाला भरला की पलीकडच्या मुलांची शाळा बुडायची. पुण्याची एक संस्था गावांना साकव, म्हणजे छोटे पूल, बांधून द्यायची. शनिवारी त्यांची बैठक होती. त्यात गुरुजींचं प्रेझेंटेशन दिसलं तर साकव, नाहीतर पुढच्या वर्षी बघू...

गुरुजी तेव्हा पंचावन्नच्या आसपास. रामनगरच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन, एका बोटानं टाइप करत त्यांनी सहा स्लाइड्स केल्या होत्या. फाइल मोठी, ईमेलमधून जाईना. म्हणून मी ती आमच्या इन्स्टिट्यूटच्या वेबसाइटवर चढवायची आणि पुण्याला लिंक कळवायची असं ठरलं. मी तिथं नोकरीला होतो, वेबसाइट मीच सांभाळायचो. कॅसलरॉकच्या शाळेतून आलेला तेवीस वर्षांचा मुलगा... कामाचा अभिमान होताच.

पुण्याहून निरोप आला. फाइल उघडत नाही, नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

मी काही न तपासता ठरवून टाकलं... बुरशी. आमच्याकडं पावसात चपलेला बुरशी येते, पुस्तकाला येते, मग फ्लॉपीला का नाही? इन्स्टिट्यूटचे सर हसले. "काय रे परशा, तुमच्या जोयड्यात कॉम्प्युटरवर पण शेवाळ धरतंय काय?" मीही हसलो.

गुरुजींना फोन केला तर उलट त्यांनीच माझी माफी मागितली. "आमची हवाच तसली, बाबा. परत करून देतो की." त्यांनी सगळं पुन्हा केलं आणि बसच्या कंडक्टरबरोबर नवी फ्लॉपी पाठवली. पुण्याहून तोच निरोप. गुरुजी तिसऱ्यांदा बसले... तांदळात ठेवली ती ही तिसरी.

गुरुवारी दुपारी ती बाहेर काढली आणि चढवायच्या आधी पहिल्यांदाच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली. सहाही स्लाइड्स स्वच्छ. नाल्याच्या काठावर दप्तरं डोक्यावर घेऊन उभी असलेली मुलं... मग तीच फाइल वेबसाइटवर चढवून तिथून उघडली. पडदाभर अक्षरांचा चिखल.

म्हणजे फ्लॉपीत काही दोष नव्हता. घोळ मधे कुठंतरी होता.

माझे बाबा कॅसलरॉक स्टेशनवर पार्सलची हमाली करायचे. पार्सल उघडून आत काय आहे ते बघायची पद्धत नव्हती, वरची चिठ्ठी बघायची. मासळी असेल तर सावलीत, काच असेल तर सगळ्यांच्या वर, रोपं असतील तर उभी. चिठ्ठी नसलेलं पार्सल सरळ पोत्यांच्या ढिगात जायचं, आत काही का असेना...

सर्व्हरचं मॅन्युअल वाचताना मला ते आठवलं आणि डोक्यात लख्ख झालं. सर्व्हरसुद्धा प्रत्येक फाइलला अशीच चिठ्ठी लावून पाठवतो. हे वेबपान, हे चित्र, हा आवाज. तिला माइम टाइप म्हणतात. ब्राउझर ती चिठ्ठी वाचतो आणि त्याप्रमाणे फाइल उघडतो.

आमच्या सर्व्हरच्या यादीत प्रेझेंटेशनची चिठ्ठीच नव्हती. त्यामुळं गुरुजींची फाइल 'साधा मजकूर' म्हणून जात होती, आणि ब्राउझर बिचारा फोटोसुद्धा अक्षरं समजून दाखवत होता. यादी पुरी आहे की नाही ते बघणं माझं काम होतं.

सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालायची होती. नावाच्या शेवटी पीपीटी असेल तर पॉवरपॉइंटची चिठ्ठी लाव... एवढंच. दोनदा तपासून टाइप केली, चढवली, ग्रामदेवाला मनातल्या मनात हात जोडले आणि लिंकवर क्लिक केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, ही फाइल पॉवरपॉइंटमध्ये उघडू का? मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

शनिवारी पुण्यात सहाही स्लाइड्स दिसल्या. पुढच्या पावसाच्या आत साकव उभा राहिला.

साकवाच्या पूजेला गुरुजी सगळ्या गावासमोर म्हणाले, "माझी फ्लॉपी सडली हुती. ह्या पोरानं वाचवली." टाळ्या पडल्या. मी नारळ घेतला आणि गप्प बसलो... आज सांगू, उद्या सांगू म्हणत पंचवीस वर्षं गेली. त्या एका ओळीचा मला आजही अभिमान आहे, पण तो कधी निर्भेळ वाटला नाही.

गेल्या रविवारी दिग्गीला गेलो. गुरुजी आता ऐंशीचे आहेत. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. म्हटलं, "गुरुजी, तुमची फ्लॉपी कधीच खराब नव्हती. यादी मी अपुरी ठेवली होती. तिन्ही वेळा तुमचं काम बरोबरच होतं."

गुरुजींनी मान वळवून आत काकींना हाक मारली. "ऐकलंस काय गे? तीनदा केलं ते तिन्ही बरोबर हाय म्हणतोय. तूच म्हणायचीस, ह्यांना काय जमत न्हाई."

काकी आतूनच म्हणाल्या, "व्हय, आता आठवडाभर हेच ऐकायचं."

गुरुजींचा चेहरा असा फुललेला मी साकवाच्या पूजेलाही बघितला नव्हता. निघताना विचारलं, हे चारचौघांत लिहू का? "लिही की," म्हणाले, "आणि तीनदा केलं, ते नीट लिही."

आज लिहिलं.