मशीनवरचा दिवा

मी दिवे विकतो. चौकाच्या कोपऱ्यावर आठ बाय दहाचं दुकान आहे, आणि त्यातली निम्मी जागा माझं पोटच खातं असं बायको म्हणते. तोंडाचा मी फटकळ आहे, गिऱ्हाइकाशीही भांडतो. पण आज मला माझ्या वहिनीबद्दल सांगायचंय. मी मध्येमध्ये येणारच, कारण जे झालं त्यात माझा हात आहे.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई आधीच गेलेली. घरात वडील, दादा आणि मी, तिघे पुरुष, आणि धड कुणाला भाकरी थापता येत नव्हती. मला चड्डीची नाडीसुद्धा नीट बांधता येत नव्हती, आणि ही नवी नवरी मला "भाऊजी, तुम्ही जेवलात का?" म्हणून विचारायची. मी तिला अगं-तुगं करायचो आणि ती मला अहो-जाहो. ते उलटं नातं आजतागायत तसंच आहे.

माहेरून ती शिलाई मशीन घेऊन आली होती. पुढच्या खोलीत खिडकीजवळ ते मांडलं आणि वरून वायर सोडून पत्र्याच्या टोपीखाली शंभरचा बल्ब टांगला. बल्ब इतका खाली की तिच्या डाव्या गालावर त्याची धग यायची. त्याच उजेडात मशीनच्या दुसऱ्या कडेला वही टेकवून मी अभ्यास करायचो. थंडीत बोटं आखडली की ती दोन्ही हात बल्बाजवळ धरायची आणि मलाही सांगायची, "धरा हात इकडं, मग लिहा." एकदा घरात चेंडू खेळताना मी तो बल्ब फोडला. वडील तापट. ते बाहेरून ओरडले, "कोणी फोडला?" मी घाबरून गारठलो. वहिनी शांतपणे म्हणाली, "माझाच धक्का लागला." पुन्हा त्याबद्दल एक अक्षर तिनं काढलं नाही, मला रागावलीसुद्धा नाही.

गणवेशाच्या दुकानासाठी ती सव्वीस वर्षं शिवत होती. सगळे शिवतात, पण वहिनीची काजं म्हणजे काजं! बटणाचं प्रत्येक भोक हातानं, टाक्याला टाका भिडवून. कापड धुवून धुवून विरायचं, पोरगा गणवेशाबाहेर वाढायचा, पण काज उसवायचं नाही. तिनं काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं केलेलं काज मी भिंगातून बघितलंय. मला खोट काढायची सवय, तरी सापडली नाही.

मग ते वीज वाचवणारे नवे दिवे आले, वळ्यावळ्यांचे सीएफएल. मी तर त्यांच्या प्रेमातच पडलो. दुकानात फळीवर दोन होल्डर ठोकले, एकात जुना बल्ब, एकात नवा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचो, "जुन्याजवळ हात न्या. बसला चटका? अहो, तुम्ही उजेडासाठी वीज जाळत नाही, चटक्यासाठी जाळता! आता नव्याजवळ न्या. गार आहे की नाही?" माणूस हसत हसत चार दिवे घेऊन जायचा. अख्खी गल्ली मी बदलून टाकली, मग दादाचं घर कसं सोडीन? एका सकाळी जाऊन सातच्या सात बल्ब उतरवले.

मशीनवरच्या बल्बाला हात घातला तशी वहिनी म्हणाली, "हा एक राहू द्या ना."

"हाच तर सगळ्यात खादाड! याला आधी काढतो," मी म्हणालो. सगळे जुने बल्ब पोत्यात भरले आणि कुणी परत लावू नयेत म्हणून वरून दगड घालून फोडलेसुद्धा. इतका मी शहाणा.

नवा दिवा लागल्या लागल्या मंद असतो, मिनिटभरानं पूर्ण उजेड देतो. आम्ही त्याला 'चढणं' म्हणतो. वहिनीला मी ते समजावलं. "लगेच नावं ठेवू नकोस, चढू दे जरा." ती दिवा लावायची आणि सुई हातात धरून बसून राहायची. कधीही जा, वहिनी आपली दिवा चढायची वाट बघतेय.

दोनेक महिन्यांनी म्हणाली, "भाऊजी, याचा उजेड पुरत नाही हो." मी जास्त वॅटचा लावला. पुन्हा म्हणाली, पुरत नाही. मी पांढऱ्या उजेडाचा लावला, वायर वीतभर खाली घेतली. तरी तेच. मग मात्र माझी सटकली. "वहिनी, तुला नवं काही नकोच असतं. या दिव्यात बायका तांदूळ निवडतात, पोरं परीक्षा देतात, आणि तुला एकटीलाच दिसत नाही होय?" ती म्हणाली, "असेल बाई, सवयच नसेल मला."

त्याच काळात ती दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागली होती. बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला कोपरानं पाडायची. मी सगळ्यांदेखत चेष्टा केली, "दारं अरुंद झाली की वहिनी रुंद झाली?" सगळे हसले. तीही हसली. आज तो विनोद आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशवाल्यानं चाळीस पँटी परत पाठवल्या. काजं वाकडी, टाके सुटलेले, काही तर बटणासमोर आलेलीच नव्हती. सव्वीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. वहिनीनं आठ दिवस बसून सगळी उसवली, पुन्हा केली. गणवेशवाल्यानं ती ठेवून घेतली, पण पुढचं काम दुसऱ्या बाईला दिलं. त्या दिवशी मी घरी गेलो तर आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर चिडली. "भाऊजी, तुमच्या दिव्यानं माझं काम घालवलं."

मी चाळिशीचा घोडा, तरी रुसून बसलो! माझ्या दिव्याला नाव ठेवलं म्हणून दोन महिने तिच्या घराची पायरी चढलो नाही. दादा तर काय, वीज कमी जळते म्हणून खूश. तो म्हणायचा, "कुरकुर करायची सवय लागलीय तिला." आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की उजेड कमी पडतोय ही तक्रार फक्त दिव्याची नसते.

शेवटी बायकोनं टोचून टोचून मला पाठवलं. दुकानातला सगळ्यात मोठा दिवा घेतला आणि भर दुपारी दादाच्या घरी गेलो. स्टुलावर चढून दिवा बसवला. वहिनी मशीनवर बसली, मांडीवर शेजारच्या पोराची निळी पँट, हातात सुई. मी बटण दाबलं.

"चढू दे जरा," ती म्हणाली.

मिनिट गेलं. दोन गेली. मी स्टुलाला टेकून उभा. ती मान वर करून वाट बघतेय. "बघितलंत?" ती म्हणाली. "अजून चढला नाही."

दिवा केव्हाच पूर्ण चढला होता. आणि दिव्याचं सोडा, खिडकी सताड उघडी होती. दुपारचं ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं, इतकं लख्ख की पँटीच्या कापडाची वीण मला उभ्यानं दिसत होती. मी तिच्या हातातली सुई काढून घेतली. मी म्हणालो, "वहिनी, हा राहू दे. चप्पल घाल. आपल्याला जरा जाऊन यायचंय."

वाटेत दादालाही सोबत घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन तास तपासलं. काचबिंदू, त्या म्हणाल्या. यात दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेकडेचं दिसणं जातं, म्हणून माणूस दाराला धडकतो. मग सगळं अंधुक होत जातं. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं टिकवायचं बघू. मग कागदावरून नजर उचलून त्यांनी आम्हा दोघा भावांकडे बघितलं. "वर्षभर तरी त्रास जाणवला असेल. आधी का नाही आणलंत यांना? सात-आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं."

सात-आठ महिने. तेवढ्या महिन्यांत मी तीन दिवे बदलले होते.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "यांची काही चूक नाही हो. हे सगळे मागे लागले होते, दाखवून ये, दाखवून ये. मीच टाळलं." कुणीही मागे लागलेलं नव्हतं. दादा खाली बघत राहिला. आणि मी, एरवी गिऱ्हाइकाला बोलू न देणारा माणूस, गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून माझ्या छातीवर आहे.

थेंब घातले, ऑपरेशन झालं. दोन वर्षं थोडं थोडं दिसत राहिलं, मग तेही गेलं. मशीन वहिनीनं विकू दिलं नाही. रोज दुपारी त्यावर बसते, तेल घालते, बोटांनी चाचपून जुन्या उशांचे अभ्रे शिवते. काज मात्र पुन्हा केलं नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी गेलो होतो. तिनं विचारलं, "भाऊजी, दिवा लागलाय का?"

"लागलाय की."

"मला कळत नाही ना. परवा शेजारच्या काकू अर्धा तास माझ्याजवळ काळोखात बसल्या. बिचाऱ्या संकोचानं बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर हे आले आणि म्हणाले, अगं, दिवा तरी लावायचा. लाज वाटली हो मला." मग म्हणाली, "तो जुना पिवळा बल्ब मिळतो का अजून? तो गालाला लागायचा. चालू आहे की बंद, डोळे मिटूनही कळायचं."

मला वाटलं होतं, आता तरी ती मला बोलेल. तिनं फक्त बल्ब मागितला.

माझ्या दुकानात तो नव्हता. दिवे विकणारा मी, आणि एक साधा शंभरचा बल्ब माझ्याकडे नाही! अकरा दुकानं फिरलो. सगळे हसले. शेवटी गावाबाहेर कोंबडीची पिल्लं विकणाऱ्याकडे सापडला. त्याच्या खोक्यावर तसले चार लटकत होते, खाली पिल्लं दाटीवाटीनं बसलेली. "उजेडाला नाही ठेवत हो मी, ऊब लागते त्यांना," तो म्हणाला. जी ऊब वाया जाते म्हणून मी इतकी वर्षं गिऱ्हाईक पटवलं, ती मागायला मी त्याच्यासमोर हात जोडून उभा होतो. त्यानं खोक्यातून एक नवा काढून दिला.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून तो बसवला, पत्र्याची टोपी पुसून घातली आणि खाली उतरलो. वहिनी मशीनवर येऊन बसली. मी काही न बोलता बटण दाबलं. तिनं मान किंचित डावीकडे कलती केली आणि तशीच राहिली.

"लागला," ती म्हणाली. मी सांगायच्या आत.

मग मला राहवलं नाही. "वहिनी, तू डॉक्टरांना खोटं का बोललीस? माझ्यामुळे गेले तुझे डोळे. मीच दिव्यामागून दिवे लावत बसलो."

"मग काय सांगायचं होतं?" ती म्हणाली. "त्या रागावून विचारत होत्या, आणि तुमचा श्वास मला ऐकू येत होता. बल्ब फोडलात तेव्हा घेत होतात ना, अगदी तसाच." तिनं हात पुढे करून माझे हात शोधले. "अगंबाई, किती गार पडलेत! धरा इकडं."

आणि माझे दोन्ही हात धरून तिनं बल्बाजवळ नेले.