लाल दोऱ्याची काठी

ताईचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं दुकानात सगळे म्हणत आणि ते खोटं नव्हतं. पण त्या सोमवारी सकाळी मोडक्या काठीचे दोन तुकडे काखेत धरून ती दुकानाच्या पुढच्या दाराने आत शिरली, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेलेली होती. तेवीस वर्षांत ती या दाराने कधी आली नव्हती. तिचं दार मागचं, बोळातलं. तिच्यामागून तिचा धाकटा भाऊ आला, म्हणजे तिने त्याला दंडाला धरून आणला.

दुकान गळाने मासे धरणाऱ्यांचं. पुढच्या भागात काचेची कपाटं, चकचकीत रिळं, रंगीत रबरी आमिषं आणि टाय लावून उभा असलेला विक्रेता. त्याला सगळे टायवालाच म्हणत. मागच्या खोलीत एक खिडकी, एक लांब टेबल, वॉर्निशचा वास आणि ताई. कार्बनच्या पोकळ काठ्या खोक्यांतून यायच्या. ताई त्यांना मूठ बसवायची, गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या लावायची, एकेक कडी बारीक दोऱ्याने बांधायची आणि वर वॉर्निश फिरवायची. मग काठीचं टोक भिंतीतल्या हुकात अडकवून ती कमानीसारखी वाकवायची आणि कान लावून ऐकायची. चांगली काठी गप्प राहते. आतून तडा गेलेली काठी बारीकसं ‘कट्’ करते. तसा आवाज आला की ताई त्या काठीच्या मुठीवर चार बोटं लाल दोरा गुंडाळायची. लाल दोरा म्हणजे बाद. ती विकायची नाही, तिच्या कड्या आणि मूठ सोडवून दुसरीला लावायच्या. हे मालकाशी बोलून ठरलं होतं, आणि लाल दोऱ्याचं पहिलं रीळ मालकानेच आणून दिलं होतं.

आता ताईचा एक दोष सांगायलाच हवा. तिला वाईट बांधताच येत नसे. बाद काठीवरचा दोराही ती असा बांधायची, की गाठ कुठे ते शोधून सापडू नये. वर वॉर्निशही लावायची. का, तर हाताला सवय. मागच्या कोपऱ्यातल्या बाद काठ्या हल्ली कमी होत चालल्यात, हे तिने पाहिलं होतं. मालकाने एकदाचा पसारा आवरायला घेतला, असं समजून ती मनातल्या मनात खूशही झाली होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

धाकटा बस चालवायचा. एकवीस वर्षं चालवली, आणि दर रविवारी गावाबाहेरच्या तळ्यावर बास मासा धरायला जायचा. गेल्या वर्षी एका सकाळी ब्रश करताना त्याचा उजवा हात खाली पडला तो धड वर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. बस सुटली. तळंही सुटलं. तो जेवणाच्या टेबलाशी बसून उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायचा आणि तासन्‌तास त्याच्याकडे बघायचा. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, आता कुणी काही म्हटलं की नुसती मान हलवायचा. ताईला त्याच्या हातापेक्षा याची भीती वाटायची.

पुन्हा तळ्यावर जा म्हणून तिने वर्षभर त्याचा पिच्छा पुरवला. अखेर तो तयार झाला. हलकी काठी ताई निवडून देणार, असं ठरलं. पण ताई दोन दिवस तापाने घरी होती, तेव्हा तिला त्रास नको म्हणून तो आपला आपणच दुकानात गेला. टायवाल्याने त्याला लाल पट्ट्याची काठी दाखवली आणि म्हणाला, “ही बघा, आमच्या मागच्या ताईंच्या हातची. अशी त्या मोजक्याच काठ्यांवर बांधतात.” धाकट्याला आणखी काय हवं होतं? बहिणीच्या हातचं म्हणून त्याने दुसरी काठी हातातसुद्धा घेतली नाही.

रविवारी तळ्यावर त्याची दोरी हलली. हाताला काही कळलं नाही, डोळ्यांना दिसलं म्हणून त्याने काठी वर खेचली. मासा मोठा होता, काठावरच्या दोघांनी पाहिला. काठी मुठीपासून हातभर अंतरावर मोडली आणि मासा दोरीसकट गेला. धाकटा घरी आला, तुकडे दारामागे ठेवले आणि बायकोला म्हणाला, “झालं समाधान? हात मेलाय. वेडावाकडा झटका बसला, काठी मोडली. आता पुन्हा हा विषय नको.”

भावजयीने रात्रभर दम धरला आणि सकाळी उजाडताच ताईला फोन केला. ताईने येऊन तुकडे पाहिले, लाल दोरा पाहिला आणि तिथेच जमिनीवर बसली. नंतर जी उठली ती थेट दुकानात.

“ही कुणी विकली?” तिने तुकडे काचेवर आपटले.

“मीच विकली, ताई,” टायवाला आनंदाने म्हणाला, मग तिचं तोंड पाहून त्याचा आनंद जागच्या जागी आटला. “लाल पट्टा खास असतो ना? गिऱ्हाईक आता तोच मागतं.”

“खास? अरे, बाद आहे ती. लाल म्हणजे बाद. तुला कुणी सांगितलं नाही?”

त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. तो पांढराफटक पडला आणि त्याने मालकाकडे पाहिलं. मालक गल्ल्यामागे कागद चाळत होता. त्याने मान वर केली नाही, आणि ताईला सगळं कळून चुकलं.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“ताई, आवाज जरा हळू,” मालक म्हणाला. “विसांत एखादी मोडते. तक्रार घेऊन कुणी येत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, आपलाच जोर जास्त झाला.”

“आपलाच जोर जास्त झाला,” ताईने भावाकडे वळून शब्द न शब्द परत उच्चारला. “ऐकलंस का रे? चोर सोडून संन्याशाला फाशी. वर्षभराने हा माणूस घराबाहेर पडला, आणि तुमच्या या काठीने त्याला सांगितलं की तू मेलास. माझं नाव घेऊन सांगितलं.” तिचा आवाज फाटला. तिला मालकाचा राग आला होताच, पण त्या सुबक, गाठ न दिसणाऱ्या लाल पट्ट्याचाही आला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

दाराशी उभा असलेला धाकटा पुटपुटला, “चल ताई. मला बरं वाटावं म्हणून उगाच भांडू नकोस.”

म्हणजे त्याचा विश्वास बसलाच नव्हता. ताईने कपाटातली आणखी एक लाल पट्ट्याची काठी काढली आणि मालकासमोर धरली. “तुमचा हात धडधाकट आहे. वाकवा.” मालक जागचा हलला नाही. टायवाल्याने ती घेतली, टोक जमिनीला टेकवून हळूहळू वाकवली. कट्. मग तडाड. मुठीपासून हातभर अंतरावर. टायवाल्याने न सांगता दुसरी उचलली. तीही तिथेच मोडली.

धाकटा ते तुकडे बघत राहिला. “काठीचं मानलं,” तो शेवटी म्हणाला. “पण मासा लागला तेही मला कळलं नाही. बास आमिष तोंडात घेतो आणि थुंकतो. तेवढी टिचकी ज्याला कळत नाही, त्याने कशाला जायचं?”

ताई मागच्या खोलीत गेली आणि एक साधी तपकिरी काठी घेऊन आली. पट्टा नाही, चकाकी नाही. तिने कापसाचा बोळा एकेका कडीतून फिरवला, एक धागाही अडकला नाही, म्हणजे कुठे चीर नव्हती. मग मूठ भावाच्या उजव्या हातात दिली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

“डोळे मीट. मी काठीचं टोक माझ्या गळ्याला लावते आणि तोंड बंद ठेवून घशातल्या घशात बोलते. चांगली काठी बोलणं मुठीपर्यंत नेते. कळलं तर सांग, नाही कळलं तर घरी जाऊ.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रकमधून लोखंडी नळ्या उतरवत होतं, त्यामुळे कानाला काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. ताईने टोक कंठाला टेकवलं. तोंड मिटून बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मागच्या खोलीत तेवीस वर्षं तिने तेच केलं होतं. मालकाचे एकेक उपकार आठवून ती सुरू झाली.

धाकट्याचा चेहरा तसाच होता. बराच वेळ तसाच होता. मग त्याच्या भुवया जवळ आल्या.

“आत्ता,” तो म्हणाला. “थांबलीस. हां, परत. मुंगी चालल्यासारखं. अंगठ्याखाली.” त्याची मूठ आवळली गेली, टोक हललं, पण त्याने काठी सोडली नाही. “कुणाला बोलते आहेस एवढं?”

ताईने काठी गळ्यापासून जराशी दूर केली. “मालकांना.”

“मग थांबलीस कशाला?” धाकटा डोळे न उघडताच तिच्यावर खेकसला. “बोल की.”