दिव्याची जागा

भास्कररावांच्या घरून फोन आला तेव्हा मी एका बाईंचा पासपोर्टचा फोटो काढत होते. "हे गेले," एवढंच वहिनी म्हणाल्या. समोरच्या बाईंना हनुवटी जरा वर करा म्हणून सांगितलं, फोटो काढला, प्रिंट कापून दिल्या आणि मग स्टुडिओचं शटर ओढून खाली बसले. हातातलं काम अर्धवट टाकलेलं भास्कररावांना खपत नसे. त्याला आता सहा आठवडे झाले.

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर डाय, म्हणजे छाप उमटवायचे पोलादी साचे, घडवल्या, दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर टांकसाळीत चुकलेल्या नाण्यांचा नाद लागला. कुठे छाप सरकलेला, कुठे एका बाजूला काही उमटलेलंच नाही... नाणं कडेने धरून ते फिरवत आणि हे टांकसाळीत चुकलंय की कोणी घरी बसून बिघडवलंय ते सांगत. संग्राहक लांबून नाणी आणत. फोटो मी काढायचे, निकाल ते द्यायचे. बारा वर्षं हे चाललं. "ताई, नाणं लग्नाला चाललेलं नाही, चकाकी कमी करा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यावरून आमची ठरलेली भांडणं. नियम त्यांचा एकच: नाणं हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही.

तो त्यांनी एकदा मोडला, तोही माझ्यामुळे. फूलबाजारात झेंडू विकणाऱ्या यमुनाबाई दोन रुपयांचं एक नाणं घेऊन आल्या. पुढची बाजू नेहमीसारखी, मागे मात्र तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं. त्यांच्या मालकांनी मरेपर्यंत ते पाकिटात जपलं होतं. "खरं हाय का खोटं, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या. भास्करराव वणीला मुलीकडे होते. मी मोबाइलवर फोटो पाठवला आणि बाई समोर बसल्यात, लवकर सांगा म्हणून घाईही केली. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं तर त्याचं चित्र पुढच्या नाण्यात उलटं आणि खोल उमटतं. इथे त्यांना ते उठलेलं दिसलं, आणि तसं टांकसाळीत होत नाही. त्यांनी कळवलं, खोटं आहे. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही ही त्यांचीच शिस्त, म्हणून मीही चाचपून पाहिलं नाही. यमुनाबाईंनी नाणं गल्ल्यात टाकलं आणि चार दिवसांत ते सुट्ट्यात गेलं.

परत आल्यावर भास्कररावांनी स्टुडिओतल्या संगणकावर तो फोटो बराच वेळ पाहिला, फिरवला, पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "फूलबाजारात जाऊ या." हारांच्या ढिगासमोर उभं राहून त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, नाणं खरं होतं. चूक माझी झाली."

यमुनाबाईंनी सुईतला दोरा ओढून घेतला. "तुमी म्हनले म्हनून दिलं, भाऊ. मालकाची तेवढीच वस्तू व्हती."

येताना रिक्षात मी त्यांना फाडफाड बोलले. हातात न घेता निकाल दिलातच कशाला, असं विचारलं. "खरंय," ते म्हणाले. गोष्ट पसरली. जुन्या दोघातिघा संग्राहकांनी नाणी पाठवणं बंद केलं, ते त्यांना फार लागलं. कोणी विचारलं तर "चुकलो" म्हणत, पुढे एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पिवळी चिकटपट्टी लावली आणि नाण्यांच्या फोटोंसाठीचा दिवा तिच्यावर ठेवला. "इथून हलवायचा नाही. वायरीत पाय अडकतो माझा."

परवा वहिनींनी त्यांची वही मला दिली. प्रत्येक नाण्याचा छोटा फोटो, खाली निकाल, आणि उजेड कुठून पडला ते दाखवणारा पेन्सिलीचा बाण. सगळे बाण वरून, डावीकडून. यमुनाबाईंच्या नाण्याचा तेवढा खालून, उजवीकडून. त्या दिवशी वरचा प्लग बंद पडला होता आणि दिवा मी माझ्या हाताशी ओढून घेतला होता... मी वही उलटी धरली. उठलेलं चित्र खोल गेलं. उजेड वरूनच पडतोय असं डोळा धरून चालतो, तो खालून आला की असं फसायला होतं, हे फोटो काढणारीला कळायला हवं होतं. निकालाच्या जागी त्यांनी लिहिलंय, "खरं. चूक माझी."

मला लाज वाटली, आणि मग खूप रडू आलं. काल यमुनाबाईंना जाऊन सांगितलं. ज्यांनी नाणी पाठवणं बंद केलं त्यांच्यासाठी इथे लिहिते: दिवा मी हलवला होता.

तो अजून त्याच पट्टीवर आहे. टेबल भिंतीला टेकलेलं आहे, वायर मागच्या बाजूने जाते. तिथे कोणाचाही पाय पोचत नाही.